फ्रीजमधला रोल

शांतव्वाच्या फ्रीजमध्ये, वरच्या कप्प्यात लोण्याच्या भांड्याशेजारी, एक लहानशी स्टीलची डबी वीस वर्षं होती. तिला हात लावायचा नाही असं कुणी कधी बोललं नव्हतं, पण कुणी लावत नव्हतं. मधे एकदा फ्रीज बदलला. तेव्हा शांतव्वानं सगळ्यात आधी ती डबी काढली आणि नवा फ्रीज गार होईपर्यंत ती पदरात धरून ओट्याला टेकून उभी राहिली.

डबीत फिल्मचा एक रोल होता. काळा-पांढरा, छत्तीस फोटोंचा, कधीच न धुतलेला. शांतव्वाचा थोरला मुलगा प्रभुलिंग यानं तो दोन हजार पाचच्या महापुरात घेतला होता. मंगळवार पेठेत पुढं वडिलांचा फोटो स्टुडिओ आणि मागं घर, त्यामुळं पोरगा कॅमेऱ्यातच वाढलेला. चोवीस वर्षांचा होता. नृसिंहवाडीकडं पाणी चढलंय म्हणून कळल्यावर तो सकाळी गाडीला किक मारून गेला, तिथं कुणाची तरी होडी मागून घेतली आणि एकटाच पाण्यात शिरला. तिसऱ्या दिवशी होडी एका बाभळीत अडकलेली सापडली. आत कॅमेरा होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीला बांधलेला, अगदी कोरडा. प्रभुलिंग मात्र सापडला नाही. आजपर्यंत नाही.

कॅमेऱ्याचा आकडा चोविसावर थांबला होता. वडिलांनी, सिद्धरामअप्पांनी, अंधाऱ्या खोलीत बसून रोल मागं गुंडाळला, बाहेर काढला आणि धुवायला घेतलाच नाही. आज धुतो, उद्या धुतो म्हणत स्टुडिओ बंद पडला, आणि मग काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले.

यंदाच्या एप्रिलात अप्पांच्या छातीत दोनदा दुखलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. दानेश्वरी मुरगूडला दिलेली, दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला. दुधात पाणी किती, युरिया किती हे काचेच्या नळीत बघून सांगणारी बाई. रविवारी ती आली तशी अप्पांनी तिचं मनगट धरलं.

"दाने, त्यो रोल धुऊन आण."

"आता कशाला अप्पा?"

अप्पांनी तिचं मनगट सोडलं नाही. मग म्हणाले, "फोटो घेतल्याबिगर मागं फिरायचं न्हाय, हे मीच शिकिवलंतं त्येला. लोक म्हणाले, फोटोच्या नादात गेला पोरगा. तुझी आई बोलत न्हाय, पर तिला बी तसंच वाटतंय. शेवटच्या फोटोत काय हाय तेवढं मला कळू दे. मग काय बी होऊ दे."

रोल धुणारा माणूस एकच होता. उदयसिंह. पोरसवदा वयात अप्पांच्या हाताखाली शिकला, पुढं बेंगळूरला गेला. आता तिकडच्या तरुण पोरांना पुन्हा फिल्मचं वेड लागलंय, त्यामुळं त्याची लॅब जोरात चालते. त्याच्या कमरेचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून त्याला इकडं येता येईना. दानेश्वरीनं फोन केला तेव्हा तो आधी "प्रभ्याचा रोल..." एवढंच दोनदा म्हणाला. मग मात्र एकदम कामाचं बोलू लागला.

"बसनं आणू नको. बाहेर ऊन काय हाय बघतीयस न्हवं? बारा तास तापला तर वीस वर्षं गार ठेवलेलं फुकट जाईल. कुरिअर तर नकोच. विमानानं ये, दीड तासाचं काम. पर ऐक नीट. मोठ्या बॅगेत घालून सामानात देऊ नको, तिथली मशीन लई जबरी असत्यात. हातातल्या पर्समध्ये ठेव. आणि पर्सच्या मशीनमध्ये बी जाऊ देऊ नको. नव्या रोलला एखाद्या वेळेला काय होत न्हाय. पर ह्यो म्हातारा रोल हाय, आधीच काळवंडला असणार. क्ष-किरण लागले की वर लाटा आल्यासारखे पट्टे येतील आणि खालचं सगळं जाईल."

"मग काय करू?"

"आरपार दिसणाऱ्या पिशवीत ठेव. लवकर जा. हात जोडून सांग, हातानं तपासा म्हणावं. नियमानं त्यांच्यावर सक्ती न्हाय, पर माणसं असत्यात ती. आणि शिशाची पिशवी बिशवी वापरू नको, आत काय दिसलं न्हाय की उलट संशय घेत्यात."

तिनं सगळं कागदावर लिहून घेतलं.

जायच्या आदल्या दुपारी अप्पा झोपले होते. शांतव्वा स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होती. दानेश्वरी पाणी प्यायला आत गेली, तेव्हा आईनं हात न थांबवता विचारलं, "तिथं मशीन असतंय म्हणं. त्यात घातलं की फोटो पुसून जात्यात. खरं?"

"खरं. म्हणून तर हातानं तपासायला सांगायचं."

"न्हाय. त्यात घाल."

दानेश्वरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. शांतव्वानं परातीतलं पीठ बाजूला केलं आणि फ्रीजकडं बघत हळू आवाजात बोलू लागली.

"त्या डबीत आवाज येतोय. कॅमेऱ्याचा येतोय तसा. खट्ट करून. पयल्यांदा आला तवा प्रभू जाऊन दोन महिनं झालतं. तुझ्या अप्पांना ऐकू कमी येतंय, त्यांना काय कळलं न्हाय. मोजल्यात मी. आजवर अकरा झाल्यात."

"अव्वा, फ्रीजचा आवाज असंल. कॉम्प्रेसर बंद होताना..."

"जुना फ्रीज गेला, नवा आला, तरी आवाज त्योच. मला काय कळत न्हाय व्हय?" शांतव्वाचा आवाज वर गेला, मग अप्पांच्या खोलीकडं बघून तिनं तो खाली आणला. "चोवीस आणि अकरा, पस्तीस झालं. एक राहिलाय. पोरगं वीस वर्षं गारठ्यात बसलंय दाने. मोकळं कर त्येला. पुसून टाक सगळं. अप्पांना सांग, रोल खराब झालता."

दानेश्वरीनं आईच्या पाठीवरून हात फिरवला. आईचं वय झालंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण डबी फ्रीजमधून काढून पर्समध्ये ठेवताना तिनं ती कानाला लावून बघितली, आणि लावल्यावर स्वतःचीच लाज वाटून चटकन खाली घेतली.

उजळाईवाडीचा विमानतळ लहान. सकाळची वेळ, रांगेत वीस-पंचवीस माणसं. दानेश्वरीनं स्टीलची डबी घरीच ठेवली होती. रोल त्याच्या मूळच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून आरपार पिशवीत ठेवला होता. घरातून निघून तास झाला, बाहेर ऊन तापायला लागलं होतं, तरी ती डबी नुकतीच फ्रीजमधून काढावी तशी गार लागत होती. पिशवीला आतून दव धरलं होतं.

रांग पुढं सरकत होती तसा तिच्या मनात आईचा आवाज यायला लागला. अप्पा पुन्हा पुन्हा विचारणार होते. शेवटच्या फोटोत कॅमेऱ्याकडं येणारी लाट असली तर? एखाद्या बुडणाऱ्या माणसाचं तोंड असलं तर? ते आंधळ्या माणसाला शब्दांत कसं सांगायचं? नाहीतर रोल खराब झाला म्हणायचं. तिघांनाही सोपं.

तिची पाळी आली. तिनं पर्स ट्रेमध्ये ठेवली, फोन ठेवला. आणि मग, ठरवलं नव्हतं तरी, हातातली पिशवीही तिनं ट्रेमध्ये सोडली.

पट्टा सरकू लागला. ट्रे त्या काळ्या रबरी पडद्यांजवळ गेला, पडदे हलले. आत काळोख होता. पिशवी पडद्याखाली जाणार एवढ्यात दानेश्वरीनं हात लांब करून ती ओढून घेतली. तिच्या मागचा माणूस दचकून बाजूला झाला.

"ओ ताई! काय चाललंय? मशीनमध्ये हात घालायचा न्हाय!" खाकीतली बाई धावत आली.

"चुकलं माझं. हे मशीनमध्ये नको. हातानं तपासा, पाया पडते."

"काय हाय ह्यात?"

"फिल्म."

"कुठला पिक्चर?"

दानेश्वरीनं डबीचं झाकण काढून दाखवलं. बाई पंचविशीची असेल. तिनं असला रोल जन्मात बघितला नव्हता. ती तो उलटासुलटा करून बघत राहिली, मग तिनं साहेबांना हाक मारली. साहेब पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्यांनी रोल बघितला आणि त्यांचा चेहराच सैल झाला.

"माझ्या लग्नाचे फोटो असल्याच रोलवर. कुणाचा हाय?"

"भावाचा. महापुरात गेला. त्याचा शेवटचा."

साहेबांनी मान हलवली. "हातानं करा," ते त्या बाईला म्हणाले. "त्या पट्टीनं पुसा आणि सोडा."

बाईनं रोल डाव्या तळहातावर घेतला आणि स्फोटकं तपासायची कापडाची पट्टी त्याच्यावरून फिरवायला लागली. तेवढ्यात आपल्याला कुणी तरी हाक मारली असं दानेश्वरीला वाटलं. ती वळली.

खट्ट.

आवाज मोठा नव्हता. बाईनं हात असा झटकला की रोल टेबलावर पडून गडगडला. "यात काय वाजलं?"

साहेबांनी रोल उचलला, कानाजवळ नेला, हलवून बघितला. तो कधीच वाजला नसावा इतका गप्प होता. पट्टीचा निकाल स्वच्छ आला. साहेबांनी रोल डबीत घातला, झाकण लावलं आणि तिच्या हातात देताना नुसतं "जावा" म्हणाले. पुढं काही विचारावं असं त्यांनाही वाटत नसावं.

विमानात बसल्यावर तिच्या ध्यानात आलं. डबी आता गार नव्हती. हाताच्या उबेइतकी कोमट होती. पिशवीवरचं दवही गेलं होतं.

उदयसिंह काठी टेकत दारात उभा होता. त्यानं डबी घेतली, कपाळाला लावली आणि अंधाऱ्या खोलीत गेला. "बस तू. चहा पी," म्हणाला. "घाई करून चालत न्हाय ह्याला."

दोन तासांनी त्यानं तिला आत बोलावलं. फिल्म वाळून झाली होती. प्रत्येकी सहा फोटो, अशा सहा पट्ट्या करून त्यानं त्या काचेच्या टेबलावर ठेवल्या होत्या, टेबलाखाली दिवा लागला होता. फिल्मवर सगळं उलटं असतं. पाणी पांढरं दिसायला हवं ते काळं, आभाळ काळं, माणसाच्या अंगावरचा उजेड तेवढा अंधार. उदयसिंहनं तिच्या हातात भिंग दिलं.

"क्ष-किरणाचा एक बी पट्टा न्हाय," तो म्हणाला. "चांगली आणलीस. आधी पहिले चोवीस बघ."

पहिले काही फोटो पाण्याचे होते. बुडालेला ऊस, विजेचा खांब, देवळाचा कळस. मग एक कौलारू घर लांबवर दिसत होतं. बाविसाव्या फोटोत ते घर जवळ आलं होतं आणि कौलांवर काही तरी बसलं होतं. तेविसाव्यात ती एक म्हातारी होती, मांडीवर शेळीचं करडू. चोविसाव्या फोटोत म्हातारीनं होडीकडं हात लांब केला होता. फोटो हलला होता. घाईनं, एका हातानं काढल्यासारखा.

त्याच्यापुढं बारा फोटो उरले होते. प्रभुलिंगनं ते काढले नव्हते. त्यानं कॅमेरा पिशवीत गुंडाळला होता आणि फळीला बांधला होता.

"दोन्ही हात लागणार होते की त्येला," उदयसिंह म्हणाला. "म्हातारीला उतरवायला."

दानेश्वरी रडायला लागली. वीस वर्षांनी ती भावासाठी पहिल्यांदा असं मोकळं रडली. उदयसिंह तिच्याकडं न बघता उभा राहिला. तिचं रडणं ओसरल्यावर त्यानं शेवटच्या दोन पट्ट्यांवर बोट ठेवलं.

"हे कोरं पायजे होतं. मी चाळीस वर्षं फिल्म धुतोय. डबीत बंद असलेल्या रोलवर उजेड पडत न्हाय, आणि उजेड पडल्याबिगर फोटो येत न्हाय. तू बघ. मी काय बोलत न्हाय."

तिनं भिंग लावलं. त्यांचं स्वयंपाकघर होतं. ओटा, मांडणी, खिडकी. ओट्याच्या समोरून, छातीच्या उंचीवरून, जिथं फ्रीज असतो तिथून काढलेलं. पहिल्या फोटोत शांतव्वा जमिनीवर बसली होती आणि तिच्यासमोर दोन ताटं वाढलेली होती. पुढच्यात सतरा-अठरा वर्षांची दानेश्वरी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती, शेजारी आई. एकात हळदीनं माखलेले तिचे हात. एकात अप्पा, स्टुडिओला कुलूप लावून आलेले, पाट घेऊन बसलेले, आणि शांतव्वा त्यांना पाणी देत असलेली. एकात दानेश्वरीचं बाळ आजीच्या पायांवर आंघोळीला घेतलेलं. दोन हजार एकोणीसच्या पुरात घरी राहायला आलेले पाहुणे जमिनीवर झोपलेले, त्यांच्यात एकटी शांतव्वा उठून बसलेली.

सगळ्या अकरा फोटोंत शांतव्वा होती. आणि सगळ्या अकरा फोटोंत ती सरळ भिंगात बघत होती. आजूबाजूची माणसं आपापल्या कामात, ती मात्र मान वळवून, कुणी नावानं हाक मारावी आणि माणसानं बघावं तशी. उलट्या फिल्मवर तिचा चेहरा काळा होता आणि डोळ्यांतली बुबुळं पांढरी.

छत्तिसावा फोटो विमानतळावरचा होता. कुणाच्या तरी तळहातावरून काढलेला. त्यात दानेश्वरी होती. नुकतीच वळलेली. तिच्या चेहऱ्यावर तोच भाव होता.

उदयसिंहनं टेबलाखालचा दिवा बंद केला.

घरी पोचल्यावर तिनं अप्पांना आधी म्हातारीचं सांगितलं. कौलं, करडू, लांब केलेला हात. मग हललेला फोटो. अप्पांनी ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या मिटलेल्या पापण्यांतून पाणी येऊन गालांवर ओघळलं. "मागं फिरला न्हाय," ते म्हणाले, "पर फोटोसाठी न्हवं."

मग तिनं उरलेल्या बारांचंही सांगितलं. लपवावं असं वाटेतच तिच्या मनात आलं होतं, पण ते जमलं नाही. दारातून शांतव्वाचा आवाज आला.

"हाक मारायचा त्यो. खट्ट व्हायच्या आदी. अव्वा म्हणायचा. मी बघायची." ती आत येऊन अप्पांच्या पायाशी बसली. "पुसून टाक म्हणलं खरं. पर दर खेपेला बघायची मी. एकदा बी तोंड फिरवून बसली न्हाय."

अप्पांनी चाचपडत तिचा खांदा शोधला आणि हात तिथं ठेवला. दानेश्वरीनं दोघांना असं शेजारी बसलेलं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"संपला न्हवं रोल?" शांतव्वानं विचारलं.

"संपला अव्वा."

"मग माती देऊया त्येला," अप्पा म्हणाले. "वीस वर्षं ऱ्हायलंय."

पहिल्या चोवीस फोटोंच्या पट्ट्या त्यांनी ठेवून घेतल्या. म्हातारीचा फोटो मोठा करून पाठवतो, असं उदयसिंहनं कबूल केलं होतं. उरलेल्या दोन पट्ट्या घेऊन सोमवारी सकाळी नऊच्या उन्हात तिघं समाजाच्या दफनभूमीत, रुद्रभूमीत, गेली. अप्पांना खुर्चीवर बसवून नेलं. त्यांच्या आईवडिलांच्या समाधीशेजारी हातभर खड्डा आधीच खणून ठेवला होता. जंगम स्वामींनी मंत्र म्हटले, विभूती दिली.

पट्ट्या दानेश्वरीच्या हातात होत्या. आईच्या हातात देण्याआधी तिनं त्या एकदा उन्हाकडं धरल्या. भिंग नव्हतं, चित्रं बोटाच्या पेराएवढी, तरी स्वच्छ दिसत होतं.

शांतव्वा ताटावर वाकली होती. शांतव्वा पाण्याचा तांब्या अप्पांच्या हातात देत होती आणि तिचं लक्ष तांब्याकडं होतं. बाळाला न्हाऊ घालताना तिची नजर बाळावर होती. पुराच्या रात्री उठून बसलेली ती खिडकीकडं बघत होती. आता एकाही फोटोत कुणी भिंगात बघत नव्हतं. शेवटच्या फोटोत दानेश्वरीची पाठ दिसत होती. पर्स खांद्याला लावून ती पुढं चालली होती.

तिनं पट्ट्या खाली घेतल्या. आईनं हात पुढं केले, तिनं त्या आईच्या ओंजळीत दिल्या. शांतव्वानं त्यांच्यावर विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं आणि गुडघ्यावर बसून त्या खड्ड्यात निजवल्या. अप्पांनी खुर्चीवरून वाकून मुठीनं माती लोटली. मग शांतव्वानं. मग दानेश्वरीनं.